दुसरीची फेरी

रविवारी सकाळी मुंगीला तिसऱ्यांदा काट्यावर उभं केलं, तेव्हा तिनं आधी चपला काढल्या, मग केसांतली क्लिप काढली आणि शेवटी तोंडातली अर्धी गोळी काढून मुठीत धरली.

"साडेचौदा किलो," थोरला म्हणाला.

"गोळी धरून की गोळीशिवाय?" धाकट्यानं विचारलं.

"गोळी तिच्या हातातच आहे. म्हणजे धरून."

"मग ठेवायला सांग ना बाजूला."

"नाही ठेवणार," मुंगी म्हणाली. "रेक्झिन चिकटतं तिला."

ते मात्र खरं होतं. मोटारसायकलच्या सीटा शिवणाऱ्यांच्या घरात कुठलीही ओली वस्तू खाली ठेवली की तिला काहीतरी चिकटतंच. थोरल्यानं पुठ्ठ्यावर 'साडेचौदा, गोळीसकट' असं लिहिलं, खाली रेघ ओढली आणि पुतणीच्या उंचीची, खांद्यांची, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची मापं एकदा पुन्हा ताडून पाहिली. गिऱ्हाइकाची गाडी असती तर त्यानं एकदाच मोजलं असतं.

उद्या मुंगीला चार वर्षं पूर्ण होणार होती. या घरात मूल चार वर्षांचं झालं की आप्पा त्याला गाडीच्या टाकीवर पुढ्यात बसवतात, कारखान्याच्या दारातून निघतात, नदीच्या पुलापर्यंत जातात आणि परत येतात. थोरल्यानं चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ही फेरी केली, मग आत्यानं, मग धाकट्यानं, पुढं थोरल्याच्या दोन्ही मुलांनी. फेरी झाल्याशिवाय पोर घरात मोजलं जात नाही, असं आप्पा म्हणतात आणि हसतात. पण हसून झाल्यावर ते वाक्य परतही घेत नाहीत. गाडी तीच आहे. सीट अकरा वेळा नवी झाली.

आणि या खेपेला पहिल्यांदाच कुणीतरी नाही म्हणालं होतं. धाकटी, म्हणजे मुंगीची आई, गुरुवारी नाही म्हणाली. पण ती इतकं हळू, इतकं निवांत बोलते की तो नकार घरात सगळीकडे पोचायला शनिवार उजाडला.

धाकटी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. दिवसाला दहा-बारा हात, चार-पाच पाय. घरी आल्यावर ती दवाखान्याबद्दल काही सांगत नाही, आणि कुणी विचारतही नाही, कारण मग जेवण जात नाही. शनिवारी मात्र तिनं सांगितलं. टाकीवर मूल पुढं बसवलं आणि ब्रेक लागला, की मागचा सत्तर किलोचा माणूस त्या मुलावर येतो. मागं बसवलं तर पाय फूटरेस्टला पोचत नाहीत, म्हणजे मूल बसलेलं नसतं, नुसतं ठेवलेलं असतं. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कोवळी. एवढं सांगून तिनं आप्पांना आणखी भात हवा का विचारलं.

या घराची एक खोड आहे. काहीतरी बेतून शिवल्याशिवाय इथं कुणाला विचारच करता येत नाही. माई एकदा जिन्यावरून घसरल्या तेव्हा थोरल्यानं जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांना फोमची गादी शिवली होती, आणि त्यानंतर तिथून सगळेच घसरले. तेव्हा शनिवारच्या त्या बोलण्यावरही थोरल्याला एकच उपाय सुचला: मुंगीच्या मापाची, मुंगीच्या वजनाची बाहुली शिवायची, तिला आप्पांच्या गाडीवर बसवून फेरी मारून आणायची, आणि तिचं जे होईल ते सगळ्यांनी मान्य करायचं.

"मान्य," धाकटी म्हणाली. "पण डोक्यात वाळू भरा."

थोरल्याला ते लागलं. "आपल्या पोरीच्या डोक्यात वाळू?"

"जड असतं दादा, म्हणून. फोमचं डोकं केलंत तर ती पडूनही उसळेल. मुलं उसळत नाहीत."

दोघा भावांनी शनिवारच्या रात्रीतूनच बाहुली शिवली; रविवारी सकाळचं मोजमाप नुसतं ताळा पाहायला होतं. काम बघून आप्पांचा ऊर भरून आला. उरलेल्या मरून रेक्झिनचं अंग, पाठीवर चौकटीची शिलाई, सगळ्या कडांना पांढरी पायपिंग. आत कातरणीचा फोम आणि गंजके नट-बोल्ट, डोक्यात चाळलेली वाळू. मुंगीनं तिला डोळे नाहीत म्हणून तक्रार केली, तेव्हा धाकट्यानं दोन काळी बटणं लावली. मुंगीनं स्वतःचा खिशाचा फ्रॉक तिला घातला, लांब उभं राहून बघितलं आणि म्हणाली, "ही दुसरी."

तेव्हापासून सगळे तिला दुसरी म्हणू लागले. साडेदहाला थोरली चहा घेऊन आली, तर दुसरीसाठीही कप होता.

"आता तिला कशाला?" थोरला म्हणाला.

"मोजताना चुकले," थोरली म्हणाली, आणि तो कप स्वतःच प्यायली.

*

बैठक कारखान्यातच भरली, कारण गाडी तिथं होती. आप्पा फोमच्या ठोकळ्यावर बसले. माई दाराशी खुर्चीत, मांडीवर पाटी आणि खडू. रविवारी सकाळी उठल्यापासून दुपारी एक वाजेपर्यंत माई बोलत नाहीत. त्यांचं व्रत आहे. कुणी विचारलं तर पाटीवर लिहितात, तेही फार थोडं. घरातल्या सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की रविवारी भांडायचं असेल तर लोक एकच्या आत भांडून घेत.

"मतं घेऊ," थोरला म्हणाला. "उद्या मुंगीची फेरी व्हावी, असं कोण कोण म्हणतं?"

आप्पांनी हात वर केला. थोरल्यानं केला. थोरलीनंही केला, आणि तो वर धरून धाकटीकडे न बघता म्हणाली, "माझी दोन्ही पोरं बसली होती त्या टाकीवर. तेव्हा मला कुणी विचारायला आलं नव्हतं. मी आपली भाकऱ्या थापत होते आणि डोळे पुसत होते."

"मग वहिनी, तुम्हाला तर माहीत आहे कसं वाटतं ते," धाकटी म्हणाली.

"माहीत आहे म्हणूनच. मी रडले ते काय फुकट?"

"आता नको म्हणणारे," थोरला म्हणाला.

धाकटीनं हात वर केला. धाकट्यानं हात वर नेला, डोकं खाजवलं आणि खाली घेतला.

"तुमचं काय ते नक्की सांगा," बायको म्हणाली.

"मी टाचणी शोधत होतो."

आत्यानं हात वर केला. उजवा. डावा हात ती सहसा वर करत नाही, तो कोपरातून पुरता सरळ होत नाही. जन्मापासूनच तसा आहे, असं ती सांगते. कायम कुणीतरी तिच्या हातात कपबशी दिल्यासारखा तो अंगाशी दुमडलेला असतो. धाकटी लग्न होऊन आली त्या दिवशी पाया पडताना तिनं तो कोपर पाहिला होता आणि तिला कळलं होतं की जन्मापासून असा हात नसतो. मोडून, प्लास्टर न होता, आपला आपण जुळलेला हात असा असतो. नव्या सुनेनं असलं बोलू नये म्हणून ती गप्प बसली. मग दहा वर्षं गेली, आणि आता बोलायला काही निमित्त उरलं नाही.

"आत्याचं अर्धं," थोरला म्हणाला.

हे आप्पांनीच कधीतरी ठरवलेलं होतं. आत्याची फेरी अर्धी झाली होती, म्हणून घरात तिचं मत अर्धं धरत. जाताना ती गाडीवर होती आणि येताना नव्हती. घरात पाहुणे आले की ही गोष्ट सांगितली जाई, आणि आत्ताही वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून थोरल्यानं ती सांगितली.

"आप्पा पुलावरून आले. गाडी स्टँडला लावली. हातपाय धुतले. पानावर बसले. आणि माईला म्हणतात कसे, 'पोरगी शहाणी आहे हं तुझी. सगळ्या वाटेत हूं नाही की चूं नाही.'"

सगळे हसले. नेहमीप्रमाणे आत्या सगळ्यांत आधी हसली. माई पाटीवरची खडूची पूड बोटानं गोळा करत होत्या.

"म्हणजे हवी म्हणणारे तीन, नको म्हणणारे दीड," थोरला म्हणाला. "आणि एक टाचणी. माईचं मत एक वाजता कळेल. त्याच्या आत दुसरीला फिरवून आणू. कुठं बसवायचं?"

"टाकीवर," आप्पा म्हणाले. "विचारायचं काय त्यात."

"मग तिची गरज नाही," धाकटी म्हणाली. "टाकीवर काय होतं ते मी आठवड्यातून दोनदा बघते."

आप्पांनी तोंड फिरवलं. त्यांनी आजवर हजारो लोकांच्या बसण्याची सोय केली होती; माणूस गाडीवरून पडतो तो सीट वाईट असल्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. पण धाकटी वाद घालत नव्हती, नुसती उभी होती, आणि अशा माणसाशी भांडायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. "मागं तर मागं," ते म्हणाले.

आता प्रश्न दुसरीनं धरायचं कसं याचा आला. धाकट्यानं तिच्या दोन्ही तळव्यांना टिचबटण लावलं, म्हणजे हात आप्पांच्या पोटावरून आणून जोडता येतील. थोरला म्हणाला, दोन बटणं लाव. धाकटी म्हणाली, एकच. मग किती जोराची पकड खरी धरायची यावर पंधरा मिनिटं गेली. शेवटी मुंगीला थोरल्याचं बोट धरून लोंबकळायला सांगितलं. तिनं धरलं. सहापर्यंत मोजून होतं न होतं तोच ती म्हणाली, "कंटाळा आला," आणि सोडून दिलं.

"एक बटण," थोरला म्हणाला.

हेल्मेटही आणलं होतं, दुकानात मिळालं त्यातलं सगळ्यांत लहान. ते आधी मुंगीच्या डोक्यावर घालून बघितलं, ते नाकापर्यंत आलं आणि आतून तिचा आवाज येऊ लागला. थोरल्यानं आत फोम भरला, मग ते डोक्यावर बसेना. दुसरीला घातलं तर बटणं झाकली जातात म्हणून मुंगी रडायला लागली. ते राहू दिलं. आप्पांनी स्वतःचं घातलं, पट्टा लावला, दुसरीचे हात पोटावर जोडून घेतले आणि गाडीला किक मारली.

"हळू न्या आप्पा," आत्या म्हणाली.

"मी कधी जोरात नेलीय?" हेल्मेटमधून आप्पा म्हणाले.

गाडी दारातून बाहेर पडली. दुसरीचे पाय दोन्ही बाजूंना मोकळे हलत होते. मुंगीनं तिला टाटा केला.

*

पावणेबाराला गाडीचा आवाज आला. सगळे दारात जमले. आप्पा वळण घेऊन आले, ऐटीत गाडी उभी केली, स्टँड लावला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. त्यांच्या मागं सीट होती. पांढऱ्या पायपिंगची, अकराव्यांदा शिवलेली, स्वच्छ सीट.

"बघितलंत?" आप्पा म्हणाले. "हूं नाही की चूं नाही."



आत्यानं सवयीनं हसायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.

"काय झालं?" आप्पा म्हणाले, आणि मग त्यांनी मागं हात नेला. सीट चाचपली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, जणू दुसरी जरा सरकून बसली असेल.

"अर्धी फेरी," थोरला म्हणाला. आयुष्यभराची सवय, ते तोंडातून निघून गेलं. थोरलीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो सीटच्या फर्म्यांमागं जाऊन उभा राहिला.

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात," आत्या म्हणाली. "ह्याच आवाजात. मी ऐकलं नाही, मी नव्हतेच. पण इतक्या वेळा सांगितलंय सगळ्यांनी, की मला ते ऐकल्यासारखंच वाटतं."

"अगं, गंमत आहे ती."

"हो, गंमतच. मीच सगळ्यांत जास्त हसते." ती फोमच्या ठोकळ्यावर बसली. "पुलाच्या तोंडाशी सांधा आहे बघा, तिथं गाडी उडाली. मागून कुठलीतरी गाडी हॉर्न देत होती. मी रस्त्याच्या कडेला बसले. मला वाटलं फेरी म्हणजे असंच असतं. मुलाला पुलावर बसवून जातात आणि मग परत येऊन घेऊन जातात. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं ना, फेरीत काय काय असतं ते. म्हणून मी हलले नाही. उठले तर फेरी मोडेल असं वाटलं. हात दुखत होता, पण मला वाटलं तेही त्यातलंच."

"तू टाकीवर होतीस," आप्पा म्हणाले. "मला समोर दिसली असतीस."

"टाकीवर दादाचं दप्तर होतं, शिवायला आणलेलं. मला मागं बसवलंत."

फर्म्यांमागून थोरला म्हणाला, "माझं दप्तर?"

"हो. ते नीट आलं घरी."

मुंगी आईच्या साडीचं टोक तोंडात धरून ऐकत होती. धाकटीनं ते हळूच काढून घेतलं. "मग ताई, तुम्हाला आणलं कुणी?"

"छत्र्या दुरुस्त करणारा होता एक. खांद्यावर बसवून घेऊन आला. दारात पोचलो तेव्हा घड्याळात एकचा टोला पडला. रविवारच होता."

धाकटीची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि तिथून माईंच्या पाटीवर आली. या घरात तिनं दहा वर्षांत बऱ्याच गोष्टी विचारल्या होत्या, पण व्रत एकपर्यंतच का, बारापर्यंत का नाही, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं. देवाधर्माच्या गोष्टी, त्यांचं त्यांना माहीत, असं सगळे धरून चालले होते.

माईंनी पाटी उचलून खाली जमिनीवर ठेवली. खडू तिच्यावर ठेवला.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी माईंचा आवाज कसा असतो ते धाकट्याला जन्मात माहीत नव्हतं. त्यानं आधी रेडिओकडे बघितलं.

"अगं, अजून एक वाजायचाय," आप्पा घाबरून म्हणाले.

"वाजू दे. मीच म्हणाले होते तुम्हाला, पायात पायात करतेय, घेऊन जा तिला म्हणून. मी माझ्या वाट्याचं गप्प राहिले अडतीस वर्षं. आता तुम्ही जा आणि तिला घेऊन या."

"गाडी आहेच की, पाच मिनिटांत—"

"पायी."

थोरला म्हणाला, "मी जातो आप्पा, तुमचे गुडघे—"

"तू गप्प बस रे," थोरली म्हणाली. सासऱ्यांच्या बाजूनं वर केलेला हात तिनं कधी खाली घेतला, ते तिलाही कळलं नव्हतं. "माझी पोरं अशी पडली असती तर त्यांच्याही गमती झाल्या असत्या इथं."

*

पुलापर्यंत किती अंतर आहे हे आप्पांना माहीत होतं: गाडीवर सात मिनिटं. पायी ते किती होतं याची त्यांना कल्पना नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्या रस्त्यानं ते चालत गेलेच नव्हते. कापडाची दुकानं गेली, टायरवाला गेला, मग बराच वेळ काहीच आलं नाही. लोक त्यांच्याकडे बघत होते. डोक्यावरचं हेल्मेट काढायचं राहून गेलं होतं, आणि पट्ट्याचं बटण हातानं चाचपडून उघडेना, कारण ते त्यांनी स्वतःच पक्कं बसवलेलं होतं.

चालता चालता त्यांना ते जेवण आठवलं. पानात काय होतं तेसुद्धा. माईनं विचारलं होतं, "पोरगी कुठंय?" आणि ते म्हणाले होते, "मागंच आहे." मग माई ताट तसंच टाकून रस्त्यावर धावली होती. ते उठले नव्हते. हात खरकटा होता. मग दारात छत्रीवाला, पोरगी, शेजारपाजार, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत; काहीतरी बोलायलाच हवं होतं, तर ते म्हणाले, "म्हटलं इतकी शहाणी कशी, हूं नाही की चूं नाही." कुणीतरी हसलं होतं. आपल्याला बरं वाटलं होतं. तेच वाक्य मग पुढं अडतीस वर्षं पुरलं.

पुलाच्या अलीकडे कपड्यांना इस्त्री करणाऱ्या बाईचं टपरीवजा दुकान होतं. तिथं गर्दी होती. टेबलावर, इस्त्री केलेल्या चादरींच्या ढिगावर, दुसरी आडवी होती. कुणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारलं होतं. अंगावर पांघरूण होतं. फ्रॉकची एक बाही फाटली होती आणि डाव्या कोपराची शिवण उसवून आतून फोम आणि एक नट बाहेर आला होता.

"कुणाची ही?" बाईनं विचारलं.

आप्पा खालमानेनं उभे राहिले. बाहुली आहे, चाचणी होती, असं सांगता आलं असतं.

"माझी," ते म्हणाले.

"तुमची?" बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि इतका वेळ होतात कुठं? इथं आमचा जीव गेला. पोरगं पडलं म्हणून तीन माणसं धावली. तो दूधवाला अजून पाणी पितोय. स्वतःच्या डोक्यावर एवढं मोठं हेल्मेट, आणि हिच्या?"

"पोचायला वेळ झाला," आप्पा म्हणाले.

"ते दिसतंयच."

साडेचौदा किलो गाडीवर काहीच नसतात. खांद्यावर घेतल्यावर त्यातली वाळू एकीकडे जाते आणि डोकं मानेवर आदळतं. आप्पा टायरवाल्याकडे टेकले, कापडाच्या दुकानाच्या पायरीवर टेकले, आणि तिसऱ्यांदा विजेच्या खांबाला टेकले तेव्हा त्यांनी दुसरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिचा फ्रॉक गुडघ्यावर नीट ओढला.

*

एक वाजून वीस मिनिटांनी ते दारात आले. चेहरा लाल झाला होता. त्यांनी दुसरीला आत्यासमोर फोमवर बसवलं, तेव्हा तिची मान एका बाजूला कलली.

"तीनदा टेकलो," आप्पा म्हणाले.

"तो छत्रीवाला एकदाही टेकला नव्हता," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "त्याचं वय कमी होतं म्हणा."

धाकट्यानं पुढं होऊन वडिलांचं हेल्मेट सोडवलं. आप्पांनी घाम पुसला आणि सुनेकडे वळले. "सूनबाई, हिचा हात बघ."

आत्यानं मान वर केली.

"दुसरीचा," आप्पा म्हणाले. आणि मग, "आधी दुसरीचा. मग हिचाही बघ. अडतीस वर्षांत कुणी बघितला नाही."

धाकटीनं आत्याकडे बघितलं. आत्यानं डोळे मिटून उघडले, म्हणजे नंतर बघू.

धाकटीनं आतून प्लास्टरच्या पट्ट्यांचा रोल आणि कापूस आणला. बाहेर आलेला नट आत ढकलला. मरून रेक्झिनच्या कोपरावर तिनं पेशंटवर फिरवावीत तशी दोन बोटं फिरवली, आणि दोन्ही भाऊ शेजारी वाकून असे बघत राहिले की जणू आतून काही आवाज येईल.

"शिवून टाकू का?" धाकट्यानं विचारलं. "दोन टाके."

"तुम्ही राहू द्या. आता टाचणी शोधू नका." तिनं पट्टी पाण्यात बुडवली. पाण्याची वाटी आत्यानं धरली होती, डाव्या, दुमडलेल्या हातात. वाटीसाठी तो हात अगदी बेताचा होता.

"कोपर सरळ राहील असं घाल," आप्पा म्हणाले.

"घालते आप्पा."

"किती दिवस?"

"लहान मूल असलं तर तीन-चार आठवडे."

"चार ठेव," आप्पा म्हणाले.

पांढरं प्लास्टर मरून हातावर सुकत आलं. थोरल्यानं पाहिलं की ते पांढऱ्या पायपिंगला जुळतंय, पण शहाणपणानं बोलला नाही. तो मुंगीला उचलून गाडीच्या मागच्या सीटवर धरून उभा होता, आणि मोकळ्या हातानं तिच्या टाचेपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर मोजत होता.

"वीतभर कमी आहे," तो म्हणाला. "फूटरेस्ट वर घेतला तर? वेल्डिंगवाला ओळखीचा आहे."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"किंवा पोरगी वाढू दे," तो म्हणाला, आणि तिला खाली ठेवलं.

"मतं परत घ्यायची का?" धाकट्यानं विचारलं. या वेळी त्यानं हात आधीच वर करून ठेवला होता.

माईंनी पाटी उचलली. एक कधीच वाजून गेला होता, बोलायला मोकळीक होती, पण त्यांनी पदरानं पाटी पुसली आणि ती कपाटावर, फर्म्यांच्या मागं, जिथं हात पोचायला स्टूल लागतं तिथं ठेवायला लावली.

मग आप्पांनी मोठी सुई मागितली. दाभणासारखी सुई, मेणाचा दोरा. डोळ्यांमुळं ते हल्ली शिवत नाहीत, पण सुईत दोरा त्यांनी स्वतः ओवला. चौथ्या वेळी गेला. त्यांनी दुसरीला गाडीच्या टाकीवर बसवलं, तोंड पुढं करून, आणि तिला सीटच्या पुढच्या टोकाशी शिवायला घेतलं. टिचबटण नाही. दुहेरी टाके. प्रत्येक टाका ओढून बघत होते.

मुंगी शेजारी उभी राहून बघत होती. "आता ती उतरणार कशी?"

"उतरायची नाही."

"कध्धीच?"

"ही तिची जागा. भरली ती."

मुंगीनं विचार केला. टाकी भरली होती. मागं वीतभर कमी होतं. तिचा हिशेब सरळ होता. "मग उद्या मी कुठं बसू?"

आप्पांनी दोरा दातानं तोडला. "तुला पाय आहेत," ते म्हणाले.

मुंगीनं खाली वाकून पाहिलं. होते. मग तिनं मुठीतली गोळी बघितली, तिला खरंच रेक्झिन चिकटलं होतं, ते नखानं काढलं आणि गोळी तोंडात टाकली.

आत्या उठली आणि दाराशी जाऊन चपला घालू लागली. थोरली म्हणाली, "वन्सं, जेवायचं राहिलंय."

"आलेच," आत्या म्हणाली. तिनं डाव्या हाताची घडी मुंगीपुढं केली, मुंगीनं तिथं सवयीनं आपला पंजा अडकवला, आणि धाकटीनं मागून लेकीला चप्पल आणून दिली. "पुलापर्यंत मी तेव्हा गेले होते. येतानाचा रस्ता आपल्या पायांनी तेवढा बघायचा राहिलाय."